ऑल्टोला दुसरं इंजिन

सकाळी ७:३०

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दिवस शटरच्या आवाजाने उजाडतो. एका गल्लीत लेथ, शेजारी वेल्डिंग, पलीकडे पॅटर्न करणारा, त्याला लागून ग्राइंडिंगवाला. अशा गल्लीत मिस्त्रींचं गॅरेज आहे. पत्र्याचं शेड. आत दोन गाड्या मावतात, तिसरी बाहेर लिंबाखाली. भाडं महिन्याला ९,००० रुपये. छताखाली आडवा लोखंडी गर्डर आणि त्याला लटकलेली एक टनाची चेन कुप्पी.

पहिलं काम झाडलोट. आय.टी.आय. करून आलेला वीस वर्षांचा पोरगा फरशी झाडतो, मग डिझेलच्या फडक्याने पुसतो. हे स्वच्छतेसाठी आहेच, पण मुख्य कारण वेगळं. दिवसभरात खाली पडणारा वॉशर झाडलेल्या फरशीवरच सापडतो. मिस्त्री पोराला बारक्या म्हणतात. त्याला दिवसाचे ४०० मिळतात. तिशीतला मोठा हेल्पर आहे, त्याला ७००. मिस्त्री पन्नाशी ओलांडलेले. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख कायमचं काळं.

मधोमध पांढरी ऑल्टो उभी आहे. २०११ ची. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पाच गिअर. नंबर एमएच ०९ चा. बॉडी सरळ, गंज फक्त मागच्या चाकाच्या कमानीला. इंजिन मात्र गेलेलं.

सकाळी ७:५०

गाडी गारगोटीच्या एका ताईंची. त्यांचं ब्युटी पार्लर आहे. लग्नसराईत नवरीचा मेकअप करायला त्या गावोगाव जातात. आरसा, दिवे, पेट्या सगळं याच गाडीतून. एका लग्नाहून परतताना रेडिएटरचा होज पाईप फुटला. तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला. अंधार होता, लक्षात येईपर्यंत गाडी आणखी तीन-चार किलोमीटर चालली. मग ती आपोआपच थांबली.

गेल्या आठवड्यात मिस्त्रींनी हेड आणि चेंबर उघडून बघितलं. हेड वाकलेलं, एक पिस्टन सिलिंडरमध्ये धरलेला, खालचं बेअरिंग फिरून क्रँकवर चरे. इंजिन बांधायचं म्हटलं तर बोअरिंग, पिस्टन, रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम. चाळीस हजारांच्या आत बसत नव्हतं, आणि मशीन शॉपमध्ये आठ-दहा दिवस वेगळे. म्हणून दुसरा रस्ता. अपघातात किंवा भंगारात गेलेल्या गाडीचं चालू इंजिन आणायचं.

ते काल रात्री आलं. मुंबईच्या कुर्ल्याहून, सी.एस.टी. रोडच्या जुन्या स्पेअरच्या बाजारातून. फुल इंजिन, म्हणजे हेडसकट. हाफ घेतलं असतं तर हेड स्वतःचं लावावं लागलं असतं, आणि स्वतःचं हेड तर वाकलंय. किंमत १८,०००. ट्रान्सपोर्टचे ९००. सध्या ते कोपऱ्यात जुन्या टायरवर बसलंय, अंगावर बिल्टीचा नंबर खडूने लिहिलेला.

सकाळी ८:१०

“बारक्या, आधी बॅटरी.”

अर्थची तार आधी सुटते, मग दुसरी. बॅटरी बाहेर. मग बॉनेट. बिजागरीभोवती पोरगा पेन्सिलने रेघ मारून घेतो, म्हणजे संध्याकाळी बॉनेट त्याच जागी बसेल. दोघं मिळून ते उचलतात आणि भिंतीला गोणपाटावर टेकवतात.

रेडिएटरखाली तेलाचा कापलेला डबा. जे पाणी पडतं ते तांबूस आहे. कूलंटचा हिरवा रंग कुठेच नाही. मिस्त्री डब्याकडे बघतात. “साधं पाणी घालूनच चालवलीय. नळाचं.” एवढंच बोलतात.

रेडिएटर आणि पंखा बाहेर येतो. इंजिनाला जागा हवी म्हणून, आणि रेडिएटर धुवायचा आहे म्हणूनही.

पेट्रोलच्या पाईपला हात लावताना मिस्त्री स्वतः पुढे येतात. या गाडीत पेट्रोल दाबाने येतं. एरवी पंपाचा फ्यूज काढून इंजिन दोनदा फिरवलं की लाईनमधला दाब संपतो. इथे इंजिन फिरतच नाही. मग जोडावर जाड फडकं गुंडाळून पाना अगदी थोडा फिरवायचा. फडकं ओलं होतं. थांबायचं. पुन्हा थोडा. शेडमधला फॅन बंद, समोरच्या वेल्डरला हाक मारून सांगितलेलं, “दोन मिनिटं ठिणगी नको.” तोही हात वर करून थांबतो.

सकाळी ८:५५

एसीचा कॉम्प्रेसर गॅसच्या पाईपसकट तसाच सोडवून तारेने बॉडीला बांधतात. पाईप उघडला तर गॅस जातो आणि पुन्हा भरायचे हजार-दीड हजार. ते ताईंच्या बिलात चढू नयेत म्हणून ही तारेची खटपट.

वायरिंगचे सॉकेट एकेक करून सुटतात. प्रत्येकाला कागदी टेपचा तुकडा, त्यावर पेनाने आकडा. पोरगा मोबाइलवर फोटोही काढतो. मिस्त्रींचा भर टेपवर. “फोटोत आकडा दिसत न्हाई,” ते म्हणतात.

पुढची दोन्ही चाकं निघतात. गाडीखाली दोन घोड्या, घोड्यांवर लाकडी ठोकळे. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली इथे कोणी जात नाही. हा नियम मिस्त्रींचा, आणि तो मोडणाऱ्याला त्या दिवशी घरी पाठवतात.

सकाळी ९:३०

आता गिअर बॉक्स. ही गाडी हाताच्या गिअरची, म्हणून इंजिन आणि गिअर बॉक्स यांच्यामध्ये क्लच. सोडवायचं ते याच ठिकाणी, आणि संध्याकाळी जुळवायचंही इथेच.

गिअर ऑइल आधी काढतात. काळपट, जुनं, पण त्यात चुरा नाही. मिस्त्री बोटांत चोळून बघतात. “बॉक्स चांगला हाय.” दोन्ही बाजूंचे एक्सल टॉमीने उचकटून बाहेर. क्लचची केबल सुटते. गिअरचा रॉड सुटतो. स्टार्टर निघतो.

बेल हाऊसिंगचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड जागी घातला तर पूर्ण आवळला जात नाही, आखूड लांब जागी घातला तर दोन आट्यांवर लटकतो. पोराने रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा घेतलाय. त्यावर बेल हाऊसिंगचा गोल काढलाय. निघालेला प्रत्येक बोल्ट तो पुठ्ठ्यावर त्याच्या जागी खुपसतो. बाकीचे नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. डब्यांवर खडूने स्टार्टर, फाउंडेशन, सायलेन्सर असं लिहिलेलं.

इंजिनाला चेन कुप्पीचा आधार देऊन गिअर बॉक्सकडचं फाउंडेशन सोडतात. खाली हेल्पर पाठीवर झोपलाय. जॅकवर बॉक्सचं वजन घेतलंय, पण बॉक्स मागे सरकवून क्लचमधून सोडवायचा तो हातांनीच. छातीवर गोणपाट, दोन्ही गुडघे वर, हात कोपरापर्यंत काळे. “येतंय, येतंय… आलं.” जॅक हळूहळू खाली. १०:१० ला बॉक्स फरशीवर.

पहिला चहा. दहा रुपयांचा कप, तीन कप.

सकाळी १०:५०

इंजिन उचलताना तिघंही उभे. पोरगा साखळी ओढतो. दोन हात साखळी आली की इंजिन बोटभर वर येतं. हेल्पर दोन्ही हातांनी इंजिन धरून ते कुठे अडत नाही ना हे बघतो. मिस्त्री वाकून खालून बघतात. एक अर्थची पट्टी राहिली होती; ती ताणली जायच्या आधी दिसते. साखळी थांबते. पट्टी सुटते. पुन्हा साखळी.

११:१५ ला जुनं इंजिन हवेत, कुप्पी गर्डरवरून बाजूला सरकते आणि इंजिन फरशीवर उतरतं. समोरचा खळगा रिकामा. तिथे साठलेला चिखल, तेल आणि वाळलेली पानं बारक्या पत्रीने खरवडायला लागतो. हे कुणी सांगितलेलं नाही. पण उद्या तेल गळलं तर स्वच्छ जागीच दिसेल, हे त्याला समजलंय.

सकाळी ११:३५

ताई एस.टी.ने आल्यात. हातात पर्स, पर्समध्ये पाकीट. मिस्त्री त्यांना आधी खुर्ची देतात, मग कोपऱ्यातल्या इंजिनापाशी नेतात. फडक्याने ब्लॉकवरची जागा पुसतात. नंबर दिसतो.

“ताई, याचा फोटो काढा. आणि हे बिल. बिलावरचा नंबर नि इंजिनावरचा नंबर एकच हाय का बघा. तुम्ही बघितल्याशिवाय मी लावत न्हाई.”

त्या एकेक आकडा मोठ्याने वाचतात. जुळतो. आकड्यांवर घासल्याची किंवा हातोड्याची खूण नाही, हेही मिस्त्री दाखवतात. आर.सी.वर जुना नंबर आहे. तो बदलून घ्यायला आर.टी.ओ.त जावं लागेल, गाडी दाखवावी लागेल, हे बिल जोडावं लागेल, आणि इन्शुरन्सवाल्यांनाही कळवावं लागेल. नंबर न बदलता गाडी रस्त्यावर अडकली किंवा अपघात झाला तर कागद आडवे येतात.

“जुनं इंजिन भंगारात घालायचं का मामा?”

“नंबर चढूदे आधी. तोवर राहूदे हितंच कोपऱ्यात.”

गाडीला २०२६ मध्ये पंधरा वर्षं होतात. मग पुन्हा पासिंग. खासगी चारचाकीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली, शिवाय पर्यावरण कर वेगळा. ताईंनी हे सगळं घरी वहीत मांडलंय. नवी गाडी, जुनी दुसरी गाडी, हप्ता, पेट्रोल. त्यात इंजिन बदलणंच सगळ्यात कमी खर्चाचं निघालं. २०,००० त्यांनी आधीच दिलेत. सामान घ्यायला त्या महाद्वार रोडला जातात. संध्याकाळी येईन म्हणतात.

दुपारी १२:००

कुर्ल्याहून आलेलं इंजिन आता तपासायला उघड्यावर. बाजारवाल्याने चालू म्हणून सांगितलंय. मिस्त्री ते ऐकून ठेवतात आणि स्वतः बघतात.

आधी चेंबरचा बोल्ट काढून उरलेलं तेल पांढऱ्या फडक्यातून गाळतात. फडक्यावर काळा डाग, पण चकाकणारा कण नाही. दुधी रंगही नाही, म्हणजे तेलात पाणी शिरलेलं नाही. मग टॅपेट कव्हर उघडतात. आत मधाळ तपकिरी थर. “टायमावर ऑइल बदललंय त्याच्या मालकानं,” मिस्त्री म्हणतात. तो मालक कोण, कुठला, हे कुणालाच ठाऊक नाही. त्याने तेल वेळेवर बदललं, एवढं मात्र इथे दिसतं.

मग प्लग काढून तीन भोकं मोकळी. हेल्पर पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून क्रँक फिरवतो. मिस्त्री पहिल्या भोकावर अंगठा दाबून धरतात. क्रँक फिरतो, दाब चढतो, आणि फुस्स करून अंगठा उडतो. दुसऱ्यावर तसंच. तिसऱ्यावर तसंच. गेज संध्याकाळी लागेल. आता हा अंगठाच गेज.

दुपारी १२:४०

सायलेन्सर मॅनिफोल्डचा एक स्टड तुटतो. गंजलेला होता, पाना लावताच कटकन गेला. हेडमधून त्याचा अर्धा इंच बाहेर उरलाय. ॲल्युमिनियमचं हेड. ड्रिल वाकडं गेलं तर आटे जातात आणि नवं हेड शोधत फिरावं लागतं.

समोरचा वेल्डर येतो. उरलेल्या तुकड्यावर एक नट ठेवतो आणि नटाच्या भोकातून आतल्या लोखंडाला टाका मारतो. नट लाल होतो. सगळे थांबतात. कुणी पाणी मारत नाही, कुणी पाना लावत नाही. पाच मिनिटांनी मिस्त्री नटाला पाना लावतात आणि आधी थोडा आवळतात, मग सोडतात. पुन्हा आवळतात, पुन्हा सोडतात. चौथ्या वेळी तुकडा करकरत फिरायला लागतो. अख्खा बाहेर. वेल्डरचे १०० रुपये.

तोवर पोरगा जुन्या इंजिनाचं फ्लायव्हील घेऊन पलीकडच्या लेथवर गेलाय. आलेल्या इंजिनाच्या फ्लायव्हीलवर निळे जळके डाग होते, आणि जुन्याची दातांची रिंगही चांगली आहे. लेथवाला अगदी बारीक कट घेतो. तोंड चकचकीत. २५० रुपये.

दुपारी १:३०

जेवण. शेडच्या मागे नळ, नळाशेजारी कपडे धुवायच्या पावडरचा डबा. डिझेलने हात, मग पावडरने, मग पाण्याने. तरी नखांत काळं राहतंच. भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा, आणि हेल्परच्या डब्यातला खर्डा तिघांत. अर्धा तास कुणी गाडीबद्दल बोलत नाही. बोलणं पोराच्या बहिणीच्या ॲडमिशनबद्दल.

दुपारी २:१०

आता जे बदलायचं ते इंजिन बाहेर आहे तोवरच बदलायचं. मागचं क्रँक सील दीडशे-दोनशे रुपयांचं. ते नंतर गळलं तर पुन्हा गिअर बॉक्स उतरवायचा, म्हणजे पुन्हा अर्धा दिवस. सील बसवताना मिस्त्री ओठाला बोटाने ऑइल लावतात आणि लाकडी ठोकळ्यावर हलकेच ठोकत सगळीकडून सारखं आत नेतात.

टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर नवा. खुणा जुळवून बेल्ट चढवला, की पुलीला पाना लावून क्रँक हाताने पूर्ण दोन वेळा फिरवायचा आणि खुणा पुन्हा बघायच्या. जुळल्या. वॉटर पंप नवा, थर्मोस्टॅट नवा, होज पाईप नवे. सेन्सर आणि इंजेक्टर मात्र याच गाडीचे, जुन्या इंजिनावरून उतरवलेले. गाडीच्या कॉम्प्युटरला तेच ओळखीचे आहेत. दुसऱ्या सालाच्या इंजिनावर सेन्सर वेगळा निघाला तर डॅशबोर्डवरचा दिवा विझत नाही.

दुपारी ३:००

क्लच. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा सेट २,७०० चा. जुनी प्लेट अजून सहा-आठ महिने गेली असती. पण त्या सहा-आठ महिन्यांनंतर पुन्हा बॉक्स उतरवण्याची मजुरी पडली असती, हे मिस्त्रींनी ताईंना आधीच सांगितलंय.

फ्लायव्हीलवर बोट लागू द्यायचं नाही. ग्रीसचा डाग पडला की क्लच धक्के देतो. पोरगा पेट्रोलच्या स्वच्छ फडक्याने तोंड पुसतो. प्लेट कुठली बाजू आत, हे मिस्त्री त्याला दाखवतात. उलटी बसली तर गाडीला गिअर पडत नाही. मग मधोमध जुन्या बॉक्समधला इनपुट शाफ्ट घालतात. हा त्यांनी वर्षानुवर्षं जपून ठेवलाय, कागदात गुंडाळून. त्याच्या दातांवर प्लेट टांगली की प्लेट बरोबर मध्यावर येते. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळायचे. एका बाजूने आवळले तर प्लेट तिरकी ओढली जाते. शाफ्ट ओढून बघतात. सहज निघतो, सहज आत जातो.

दुपारी ३:४५

इंजिन चेन कुप्पीवर चढतं. कुप्पी गर्डरवरून गाडीवर सरकवतात. आता साखळी सोडायची, बोटभर बोटभर. एसीचा कॉम्प्रेसर बाजूला धरायला पोरगा, पाईप सांभाळायला हेल्पर, साखळीवर मिस्त्री स्वतः. एका फाउंडेशनचं रबर फाटलेलं होतं, तिथे नवं आहे, ६५० चं. फाउंडेशनचा बोल्ट भोकात दिसतो, पण अर्धा इंच पुढे. पहार लावून इंजिन किंचित मागे. बोल्ट हाताने आत गेल्याशिवाय पाना लावायचा नाही.

दुपारी ४:२०

दुसरा चहा. आणि मग दिवसातलं सगळ्यात अवघड काम.

गिअर बॉक्स जॅकवर. त्याच्याखाली, बाजूला, हेल्पर पुन्हा पाठीवर. वरून मिस्त्री. बॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या मधल्या भोकात जायला हवा, दात दातांत बसत. बॉक्स वर येतो, पुढे सरकतो, शाफ्ट आत शिरतो. आणि थांबतो. इंजिन आणि बॉक्स यांच्यात अर्ध्या बोटाची फट उरते.

पोरगा पुठ्ठ्यावरून लांब बोल्ट काढतो. “लावू का मिस्त्री? आवळला की येतंय.”

“ठेव तो खाली.”

आवाज चढलेला नाही. पण पोरगा बोल्ट लगेच परत पुठ्ठ्यात खुपसतो. मिस्त्री समजावतात. “बोल्टनं ओढलं की फट मिटती. पण दात जुळलं नसतील तर प्लेटचा मध वाकतोय. गाडी आज जाती घरी. महिन्यानं परत येती, क्लच सुटत न्हाई म्हणून. न्हाईतर बेल हाऊसिंगचा कान तुटतोय.”

बॉक्सचं वजन नुसत्या शाफ्टवर येऊ नये म्हणून हेल्पर ते दोन्ही हातांवर धरून आहे. त्याच्या कपाळावरचा घाम कानाकडे ओघळतोय. पुसायला हात मोकळा नाही. मिस्त्री गिअर टाकतात. मग पोराला सांगतात, “दोन्ही एक्सलच्या जागी दांडे घाल आणि एकदम जरासे फिरव. दमानं.” शाफ्ट फिरतो. काही नाही. मिस्त्री जॅक अर्धा वळसा खाली घेतात. डोळा फटीला लावून बघतात. वर फट जास्त, खाली कमी. म्हणजे बॉक्सचं नाक वर आहे. जॅकच्या डोक्यावर एक पातळ फळी सरकवतात. पुन्हा बघतात. आता फट वर-खाली सारखी.

“फिरव.”

पोरगा दांडे फिरवतो, केसभर. आतून एक हलका टक्क असा आवाज येतो आणि बॉक्स स्वतःच पुढे सरकतो. दोन्ही डॉवेल पिना भोकात. फट गेली. ५:०५ वाजलेत. अर्ध्या बोटाला पाऊण तास लागला.

मिस्त्री पोराकडे बघतात. “आता लाव बोल्ट.”

संध्याकाळी ५:१५

आता हात भराभर चालतात. बोल्ट पुठ्ठ्यावरून जागच्या जागी. स्टार्टर, एक्सल, नवी सीलं, गिअर रॉड, क्लच केबल. सॉकेट आकड्याला आकडा. सायलेन्सर नव्या पॅकिंगवर. रेडिएटर धुऊन वाळलेला, जागेवर. चाकं. गिअर ऑइल नवं. इंजिन ऑइल तीन लिटर, नवा फिल्टर. कूलंट हिरवं, कॅनवर लिहिलंय त्या प्रमाणात.

क्लचच्या पायपट्टीला मिस्त्री हाताने दाबून बघतात. बोटभर मोकळी चाल हवी. केबलचा नट दोन आटे फिरतो. पुन्हा दाबतात.

संध्याकाळी ६:३०

ताई परत आल्यात, दोन पिशव्या घेऊन. बाहेर प्लास्टिकच्या स्टुलावर बसतात.

प्लग अजून लावलेले नाहीत. इंजेक्टरचा सॉकेट काढलेला. आधी नुसतं स्टार्टरने फिरवायचं, पेट्रोलशिवाय, ठिणगीशिवाय. तेल सगळीकडे पोचायला हवं. पोरगा किल्ली फिरवतो. ऑइलचा लाल दिवा काही सेकंद जळतो, मग विझतो. आता गेज. पहिला सिलिंडर १६०. दुसरा १५५. तिसरा १६०. मिस्त्री तिन्ही आकडे भिंतीवर खडूने लिहितात. आकडा किती यापेक्षा तिन्ही जवळजवळ सारखे आहेत, याचं त्यांना समाधान.

संध्याकाळी ६:५५

प्लग लागले. सॉकेट लागला. किल्ली मिस्त्री स्वतः फिरवतात.

पहिल्यांदा नुसतं फिरतं; पेट्रोल अजून आलेलं नाही. दुसऱ्यांदा एक धक्का. तिसऱ्यांदा सुरू होतं. वरून टॅपेटची टकटक, सायलेन्सरमधून पांढरा धूर, आतल्या पाण्याचा आणि तेलाचा. अर्ध्या मिनिटात टकटक कमी होते. ताई उभ्या राहिल्यात. कुणी टाळी वाजवत नाही. हेल्पर टॉर्च घेऊन खाली शिरलाय, गळती बघायला. “कोरडं हाय.”

आता रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून, हीटर चालू करून, आतली हवा निघायची वाट. बुडबुडे येतात, कूलंट खाली जातं, वर ओततात. काटा हळूहळू मध्यावर येतो. मिस्त्री पंख्याकडे बघत उभे राहतात. ही गाडी तापूनच गेली होती. पंखा आपोआप लागल्याशिवाय ती या शेडबाहेर जाणार नाही. सात-आठ मिनिटं. पंखा लागतो. काही वेळाने बंद होतो. पुन्हा लागतो.

संध्याकाळी ७:४०

ट्रायल, कळंब्याच्या बाजूला. मिस्त्री चालवतात, शेजारी ताई. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. परत खाली. रिव्हर्स टाकताना खरखर नाही. चढावर थांबून, हँडब्रेक लावून, क्लच हळू सोडतात. गाडी थरथरत नाही, उचलते. मग ताईंना चालवायला देतात. त्या पहिल्यांदा इंजिन बंद पाडतात, नवा क्लच वर धरतो म्हणून. दुसऱ्यांदा नीट.

रात्री ८:३०

बिल वहीच्या पानावर. इंजिन १८,०००. ट्रान्सपोर्ट ९००. क्लच सेट २,७००. टायमिंग बेल्ट, टेन्शनर १,२००. वॉटर पंप १,१००. होज पाईप, थर्मोस्टॅट ८५०. सीलं, पॅकिंग ७००. फाउंडेशन ६५०. ऑइल, फिल्टर १,३००. गिअर ऑइल ७००. कूलंट ४५०. प्लग ३३०. लेथ २५०. वेल्डिंग १००. सिलिकॉन, डिझेल, फडकी २७०. मजुरी ६,५००. एकूण ३६,०००.

मजुरीच्या ६,५०० मध्ये गेल्या आठवड्यातलं उघडून बघणंही आलं. हेल्परचे ७०० आणि पोराचे ४०० आजच रोख दिले जातात. शेडचं भाडं, वीज आणि चहाही त्यातूनच. ताई उरलेले १६,००० मोजून देतात. मिस्त्री मोजत नाहीत, हेल्परला मोजायला देतात.

“पाचशे किलोमीटरला आणा, ऑइल बदलू. रोज सकाळी गार इंजिनावर कूलंट बघायचं. आणि काटा वर चढला की गाडी बाजूला घ्यायची, बंद करायची, मला फोन. घर जवळ आलंय म्हणून चालवायची न्हाई.”

रात्री ९ ला शटर खाली. जुनं इंजिन कोपऱ्यात, टायरवर.

तुमच्या गाडीवर ही वेळ आलीच, तर दोन गोष्टी करा. इंजिनाचं बिल आणि त्यावरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि तो आर.सी.वर चढवून घ्या. आणि मिस्त्री म्हणाला की पूर्ण दिवस लागेल, तर “जरा लवकर होईल का” असं विचारू नका. बोल्टने ओढून गाडी तासभर आधी देणारे पुष्कळ आहेत. ओढायचं नाही म्हणणारा भेटला, तर त्याला त्याचा दिवस द्या आणि मजुरीत घासाघीस करू नका.